माळ्यावरच्या संगणकातून घरचा फाइल सर्व्हर

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि घरोघरचे अनेक धडधाकट संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१३-१४ च्या सुमारास हौसेने घेतलेला चौथ्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह आज एक तर माळ्यावर जातो किंवा भंगारात. त्याच घरात दुसरीकडे साठवणीची ओढाताण चाललेली असते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली आणि मेल, ड्राइव्ह व फोटो मिळून १५ जीबीची मर्यादा आली. लग्नाचे फोटो एकाच्या लॅपटॉपमध्ये, मुलांचे व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनमध्ये, सातबाऱ्याचे व खरेदीखताचे स्कॅन कुठल्याशा पेन ड्राइव्हमध्ये, अशी विखुरलेली अवस्था बहुतेक कुटुंबांत असते. या दोन अडचणींनी एकमेकींना सोडवावे अशी व्यवस्था म्हणजे नॅस: मोठी डिस्क असलेला एक संगणक राउटरला जोडून मॉनिटरशिवाय कोपऱ्यात ठेवायचा आणि घरातल्या सगळ्या फोन, लॅपटॉप व टीव्हींनी त्यावरच्या फाइली वाचायच्या आणि त्यावरच लिहायच्या.

या उद्योगात एक तत्त्व आधीच ठरवून घ्यावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. पेटी, म्हणजे डिस्क सोडून बाकीचा संगणक, जुनी चालेल, डिस्क जुनी चालणार नाही. पेटी बिघडली तर दुसरी मिळते. डिस्कवरचे वडिलांचे फोटो दुसरे मिळत नाहीत. म्हणून पेटीवर शक्यतो पैसे घालू नयेत, आणि डिस्कवर व तिच्या प्रतींवर मात्र हात आखडता घेऊ नये.

जुनी पेटी का चालते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. फाइल सर्व्हरचे काम प्रोसेसरच्या दृष्टीने अगदी हलके असते: डिस्कवरून बाइट वाचायचे आणि लॅन केबलवर सोडायचे, किंवा केबलवरून आलेले बाइट डिस्कवर लिहायचे. वेग अडतो तो बहुधा केबलपाशी. गिगाबिट लॅन सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेते, म्हणजे आठने भागल्यावर १२५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास. आजची साधी हार्ड डिस्कही सलग वाचताना याहून अधिक वेग देते, त्यामुळे प्रोसेसर बसूनच असतो. मात्र ब्रॉडबँडवाल्याने बसवून दिलेल्या अनेक स्वस्त राउटरांची लॅन पोर्ट १०० मेगाबिटचीच असतात आणि तिथे वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर थांबतो. ५०० जीबीचा फोटोसंग्रह गिगाबिटवर सव्वा तासात उतरतो, तर १०० मेगाबिटवर त्यालाच साडेबारा तास लागतात. केबलचीही एक खोच आहे. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या असाव्या लागतात, पण घरी येऊन क्रिम्पिंग करून देणारे कारागीर कधी कधी चारच तारा जोडतात, कारण १०० मेगाबिटला चार पुरतात. इंटरनेट व्यवस्थित चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. नॅस मात्र गोगलगाईच्या चालीने चालतो. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला, तर आठ रंगांच्या तारा टोकापर्यंत पोचल्या आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी दिसते. हे तपासल्याशिवाय कुणीही रॅम किंवा प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

पेटी निवडताना चार गोष्टी पुरेशा आहेत: ६४ बिटचा प्रोसेसर, किमान चार जीबी रॅम, गिगाबिट लॅन पोर्ट आणि डिस्क जोडण्यासाठी दोन-तीन मोकळी साटा पोर्ट. खरा प्रश्न विजेचा आहे, आणि ‘फुकटचा संगणक’ ही कल्पना इथे तपासून पाहावी लागते. जुना डेस्कटॉप काहीही न करता बसलेला असतानाही ४० ते ७० वॅट वीज घेतो. ५० वॅट धरले तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट आणि वर्षाला ४३८ युनिट होतात. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्यांनी महाग होत जाते, त्यामुळे ही ३६ युनिटे तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात जाऊन पडतात. तिथला दर सोयीसाठी दहा रुपये मानला, तरी महिन्याला ३६० आणि वर्षाला ४३८० रुपये होतात. बाजारात मिळणारा दोन डिस्कचा तयार नॅस याच्या निम्म्याहूनही कमी वीज घेतो, त्यामुळे चार-पाच वर्षांचा हिशेब मांडला की दोघांतले अंतर बरेच कमी होते. तरीही जुन्या संगणकाच्या बाजूने एक मोठा मुद्दा उरतो: चोवीस तास चालू ठेवण्याची सक्ती बहुतेक घरांना नसते. संध्याकाळी सहा ते रात्री बारा एवढाच वेळ तो चालवला तर महिन्याला नऊ युनिटे लागतात, आणि ठरावीक वेळी आपोआप सुरू होण्याची सोय जुन्या मदरबोर्डांच्या बायोसमध्येही, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्येही, असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावलेले असेल तर ते काढून टाकावे, कारण इथे त्याचा काही उपयोग नाही आणि वीज मात्र ते घेतच राहते. प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळाला तर स्वतः मोजून पाहावे. दोन सारख्या दिसणाऱ्या संगणकांच्या मोजणीत वीस वॅटचा फरक सहज निघतो.

जुना लॅपटॉप वापरावा का, असे बरेच जण विचारतात. तो दहा-पंधरा वॅटवर भागवतो आणि त्याची बॅटरी यूपीएसचे काम करते, हे दोन्ही खरे आहे. पण मोठी डिस्क त्यात बसत नाही, यूएसबीने बाहेर लावावी लागते, आणि वर्षानुवर्षे चार्जिंगवर राहिलेली जुनी बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी घरात ठेवणे धोक्याचे आहे, म्हणून लॅपटॉप वापरायचाच असेल तर तिच्यावर नजर ठेवण्याची तयारी हवी.

माळ्यावरून काढलेले कॅबिनेट थेट प्लगला लावू नये. आधी झाकण उघडून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी, आणि हे करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरत नाही. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच पुसले की, ‘सुरू होते पण स्क्रीनवर काही येत नाही’ ही जुन्या संगणकांची नेहमीची तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलून टाकावा. तो संपला की बायोसमधली तारीख आणि सेटिंग वीज गेल्याबरोबर पुसली जातात, आणि मॉनिटर नसलेला सर्व्हर अशा वेळी काय विचारत थांबला आहे हे कुणालाच कळत नाही. एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्यातून, करपल्यासारखा वास येत असला, तर पेटीवर पैसे घालू नयेत या नियमाला एवढाच अपवाद करावा आणि नवा एसएमपीएस घ्यावा, कारण तो बिघडताना आपल्याबरोबर डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

आता डिस्ककडे येऊ. जुन्या संगणकात आधीपासून असलेल्या डिस्कची तब्येत ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीतून वाचता येते, आणि ती दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर सहज मिळतात. त्यात तीन आकडे पाहावेत. डिस्क किती तास चालली आहे, हा पहिला. वर्षाचे तास ८७६० होतात, त्यामुळे ३५,००० तास म्हणजे अखंड चार वर्षे. दुसरा आकडा रीअलोकेटेड सेक्टरांचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या खराब झालेल्या आणि राखीव जागेतून बदलून दिलेल्या तुकड्यांचा. तिसरा पेंडिंग सेक्टरांचा, म्हणजे जे वाचायला डिस्क अडखळते आहे त्यांचा. शेवटचे दोन शून्य नसतील आणि आठवड्या-आठवड्याला वाढत असतील, तर ती डिस्क कोणत्याही कामाची नाही, मग बाकी सारे कितीही ठणठणीत वाटो.

नवी डिस्क घेताना सीएमआर आणि एसएमआर हा भेद विचारून घ्यावा. सीएमआर पद्धतीत माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, तर एसएमआर पद्धतीत ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अधूनमधून प्रत काढण्यासाठी अशी डिस्क चालते. नॅसमध्ये सतत लिहिताना, आणि विशेषतः डिस्कांच्या संचात एक बिघडून दुसरी भरायची वेळ आल्यावर, ती अत्यंत मंद होते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही ग्राहकांना न सांगता याच पद्धतीने बनवलेल्या असल्याचे २०२० साली उघड झाले होते. त्यामुळे वेष्टनावरचे नाव पुरेसे नाही, मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत पाहूनच पैसे द्यावेत.

सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) घरगुती वापरात दोन नावे मुख्यतः घ्यावी लागतात, आणि दोन्ही मोफत मिळतात. ट्रूनॅस ही झेडएफएस या फाइलव्यवस्थेवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर, उभी आहे, जी प्रत्येक तुकड्याचा तपासणी-आकडा ठेवते आणि डिस्कवर नकळत बदललेला बाइट वाचतानाच ओळखते. हा फार मोठा गुण आहे, पण तिला किमान आठ जीबी रॅम लागते. ओपनमीडियाव्हॉल्ट ही डेबियन लिनक्सवर बेतलेली आहे आणि जुन्या यंत्रावर कमी रॅममध्ये सुखाने चालते. चार जीबीच्या संगणकासाठी मी तिचीच शिफारस करेन. तिची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर लिहायची, संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि विचारलेली उत्तरे देत जायचे. एक गोष्ट इथे आधी माहीत असलेली बरी: प्रणाली ज्या डिस्कवर बसते ती संपूर्ण डिस्क ती स्वतःकडे घेते. म्हणून प्रणालीसाठी जुना छोटा एसएसडी आणि फाइलींसाठी वेगळी मोठी डिस्क अशी मांडणी ठेवावी, आणि प्रणाली बसवताना मोठ्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी, म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रणाली बसल्यावर मॉनिटर आणि कीबोर्ड काढून ठेवता येतात, कारण पुढचे सगळे काम दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून होते. राउटरमध्ये जाऊन सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), समजा १९२.१६८.१.५०, कायमचा राखून ठेवावा. नाही तर राउटर बंद-सुरू झाल्यावर पत्ता बदलतो आणि घरातल्या सगळ्यांचे शॉर्टकट तुटतात. ओपनमीडियाव्हॉल्टच्या पानावर पहिल्यांदा शिरताना नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ हा इंग्रजी अक्षरांत असतो, आणि तो जगजाहीर असल्याने सर्वांत आधी बदलावा. मग डिस्क पुसून तिच्यावर ईएक्सटी४ फाइलव्यवस्था तयार करायची, सामायिक फोल्डर करायचे, घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता करायचा आणि शेवटी एसएमबी सेवा सुरू करायची. प्रत्येक बदलानंतर पानाच्या वर एक पिवळी पट्टी येते, आणि तिच्यावरच्या बरोबरच्या खुणेवर टिचकी मारेपर्यंत काहीही लागू होत नाही. नवख्यांचा निम्मा वेळ ‘सगळे केले, तरी दिसत कसे नाही’ या विचारात जातो आणि कारण बहुधा ही पट्टीच असते.

एसएमबी ही विंडोजची फाइल देवाणघेवाणीची भाषा आहे. ती लिनक्सला बोलता येते ती सांबा या सॉफ्टवेअरमुळे, जे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबरा येथे विद्यार्थी असताना लिहायला घेतले. तीस वर्षांनंतर नागपूरच्या घरातला फोन डेबियनवरचे फोटो सहज उघडतो, यामागे असे मोकळ्या मनाने वाटलेले काम आहे. सेटिंगमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र कधीही सुरू करू नये. मे २०१७ मध्ये जगभर थैमान घालणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीवाटे पसरला होता. जुना टीव्ही किंवा प्रिंटर फक्त तीच आवृत्ती ओळखत असेल, तर त्याला सर्व्हरपासून दूर ठेवलेले बरे.

या विषयात सर्वांत जास्त गैरसमज रेडबद्दल, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याच्या पद्धतीबद्दल, आहेत, म्हणून तिथे थोडे थांबावे लागेल. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यांतली एखादी गेली तरी काम थांबू नये. सर्वांत सोप्या प्रकारात दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. तीन डिस्कच्या प्रकारात हिशेब असा असतो: पहिलीवर ७ आहे, दुसरीवर ५ आहे आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहिली आहे, दुसरी डिस्क गेली तर १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांवरची एक क्रिया असते, पण तत्त्व हेच. यामुळे डिस्क बिघडल्यावर सर्व्हर चालू राहतो. एवढेच रेडचे काम आहे. घरातल्या कुणी चुकून मुंजीच्या फोटोंचा फोल्डर पुसला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे केल्या जातात. एसएमपीएस जळाला, घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये असतात.

म्हणून दोनच डिस्क घेण्याइतके पैसे असतील, तर घरगुती वापरात त्या रेडमध्ये बांधू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक सर्व्हरमध्ये लावावी आणि दुसरीवर वेगळी प्रत ठेवावी. दुकान किंवा कार्यालय असेल तर तासभरही काम थांबून चालत नाही आणि तिथे रेडचा खर्च सार्थ आहे. घरातले फोटो दोन दिवस उशिरा दिसले तर बिघडत नाही, ते कायमचे गेले तर बिघडते. प्रत काढण्यासाठी आरसिंक हे साधन ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये आहेच, आणि तेही ट्रिजेल यांनीच पॉल मॅकेरास यांच्यासह १९९६ मध्ये आणले. ते फक्त बदललेला भाग पाठवते, त्यामुळे पहिली प्रत रात्रभर चालली तरी पुढच्या काही मिनिटांत उरकतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे लागू करावा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीसाठी आपल्याकडे सोपी वाट आहे. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना पासवर्डने कुलूपबंद केलेली पोर्टेबल डिस्क बरोबर न्यावी आणि तिथली मागच्या वेळची डिस्क परत आणावी. मधल्या महिन्यांचे फोटो तेवढे धोक्यात राहतात, पण वीस वर्षांचा साठा सुरक्षित होतो.

वीज जाणे हा आपल्या भागातला खास शत्रू आहे. ईएक्सटी४ फाइलव्यवस्था स्वतःची नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी तिची रचना सहसा शाबूत राहते. पण अर्धवट लिहिली गेलेली फाइल जाते, आणि वारंवार झटके खाणारी डिस्क लवकर थकते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सर्व्हर आणि राउटर दोघांना नवी बॅटरी असताना पंधरा-वीस मिनिटे सहज सांभाळतो. मात्र घरी कुणी नसताना वीज गेली तर यूपीएस संपल्यावर काय होणार, याचे उत्तर यूएसबी पोर्ट असलेल्या यूपीएसमध्ये आहे: तो बॅटरी उतरत असल्याचे सर्व्हरला कळवतो आणि ‘नट’ नावाचे सॉफ्टवेअर सर्व्हर रीतसर बंद करते. स्वस्त यूपीएसना हे पोर्ट बहुधा नसते, तेव्हा घेताना पाहून घ्यावे. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवायचा असेल तर त्याची कळ यूपीएस मोडवर असावी, कारण साध्या मोडमध्ये बदलाला लागणाऱ्या क्षणात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. उष्णतेचे म्हणाल तर डिस्क ४५ अंशांच्या आत ठेवावी. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा डिस्कसमोर एक १२० मिलिमीटरचा पंखा लावल्याशिवाय हे जमत नाही.

बाहेरगावाहून फाइली पाहण्याची इच्छा सगळ्यांना होते आणि इथेच सर्वांत मोठी चूक घडते. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर आणू नये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसांवरच्या फाइली कुलूपबंद करून प्रत्येकाकडून ०.०३ बिटकॉइन मागितले होते. शिवाय आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या माहितीपानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला दिसला, तर तुमची जोडणी तशीच आहे असे समजावे. दोन्हींवर उपाय एकच: वायरगार्ड या व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खासगी जोडणी करण्याच्या, पद्धतीवर आधारलेले टेलस्केल सर्व्हरवर आणि फोनवर बसवावे. मग पुण्याच्या मुलाला सोलापूरचा सर्व्हर घरात असल्यासारखा दिसतो, बाकी जगाला दिसतच नाही.

सगळे चालू झाल्यावर दोन कामे उरतात. पहिले, सर्व्हरला ईमेल पाठवायला शिकवावे, म्हणजे स्मार्टच्या आकड्यांत बिघाड दिसताच किंवा डिस्क भरत आल्यावर तो स्वतः कळवेल. दुसरे, प्रतीची परीक्षा घ्यावी: प्रतीची डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडून तिच्यावरचे पाच-दहा फोटो उघडून पाहावेत, कारण कधी उघडूनच न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. हे करून दाखवताना घरातल्या आणखी एका माणसाला शेजारी बसवावे, आणि डिस्क कुठे आहेत, त्यांचा पासवर्ड काय, त्या कशा जोडायच्या हे मराठीत एका कागदावर लिहून तो घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावा.